सहा महिन्यांचे मौन

जे मूल स्वतःच्या वतीने बोलू शकत नाही त्याच्या वतीने निवड करण्याचा अधिकार आईबापांना आपसूक मिळतो. परंतु त्या निवडीत मुलाचे हित किती आणि आपल्या लज्जेचे रक्षण किती, हे ओळखणारी दृष्टी त्या अधिकारासोबत मिळत नाही. ती ज्याची त्याने मिळवायची असते, आणि बहुधा ती इतक्या उशिरा मिळते की दुःखाचे खरे स्वरूप दाखवण्यापलीकडे तिचा उपयोग उरत नाही. मिरानला ती दृष्टी एका मंगळवारी सकाळी, शाळेच्या बसच्या पायरीशी मिळाली. देणारी होती बसमधली एक वृद्ध मावशी, आणि आपण कुणाला काही दिले याची त्या बिचारीला कल्पनाही नव्हती.

एरवी मिरान खाली उतरत नसे. सिंगापुरात आल्यापासूनची दोन वर्षे ती बाराव्या मजल्याच्या सज्ज्यातूनच लेकीला निरोप देत आली होती. तिथून पिवळी बस काडेपेटीएवढी दिसे आणि दहा वर्षांची सोल्बी त्या पेटीतल्या काडीएवढी. काडी पेटीत शिरली की मिरान आत वळून भांडी आवरायला लागे. त्या दिवशी मात्र सोल्बी पाण्याची बाटली टेबलावर विसरली, आणि मिरान पायांत घरच्याच चपला घालून धावत खाली गेली. बस उभी होती. सोल्बी पहिल्या पायरीवर होती, आणि आत वाकून उभ्या असलेल्या चुआ मावशी, वर्षानुवर्षे त्याच बसमध्ये मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या, बोटे जुळवून दोनदा ओठांशी नेत होत्या, भुवया वर करून. सोल्बीने एक तळवा पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या कडेने तो मधोमध कापला. अर्धेच खाल्ले. मावशींनी गाल फुगवून रागावल्याचे दाखवले. सोल्बी हसली. तिचे खांदे हलले, डोळे मिटले, दात दिसले. आवाज तेवढा आला नाही. इतके सहज, इतके सरावाचे ते संभाषण होते की मिरानला आपण कुणाच्या तरी बंद खोलीचे दार न वाजवता उघडल्यासारखे वाटले. मग मावशींचे लक्ष तिच्याकडे गेले. "तुम्ही तिची आई का, मॅडम? फार गुणी पोर हो. माझा धाकटा भाऊही असाच, जन्माचा मुका. पण या मुलांना अक्कल दुप्पट असते, बघा तुम्ही." मिरानला म्हणायचे होते की माझी मुलगी मुकी नाही, आज सकाळीच ती मोज्यांच्या रंगावरून माझ्याशी कडाकडा भांडली आहे, दात घासताना गात होती, तिचा आवाज मातीच्या घुंगरासारखा आहे. तिच्या घशात ते सगळे एकाच वेळी आले आणि तिथेच अडकले. तिने बाटली पुढे केली आणि मान तुकवली. बसचे दार मिटले.

उद्वाहनात आरशासमोर उभी असताना तिने घशाला हात लावला. असेच होत असेल का तिला, रोज, सकाळी आठपासून तीनपर्यंत?

जेवणाच्या टेबलावर वही उघडीच होती. मधोमध रेघ, डावीकडे सिंगापूर, उजवीकडे दुबई. तिच्या नवऱ्याच्या, थेशिकच्या, कंपनीने त्याची सिंगापुरातील नेमणूक संपवून त्याला दुबईला पाठवले होते. तो तीन आठवड्यांपूर्वीच पुढे गेला होता. मायलेकींनी मागे राहून इथलीच शाळा पुढे चालवायची की त्याच्यामागे जायचे, हे आज ठरायचे होते. तिथल्या शाळेने देऊ केलेली जागा सिंगापूरच्या चार वाजेपर्यंतच राखून ठेवली होती; त्याआधी पक्का अर्ज पोहोचायला हवा होता. वहीत रकाने नेटके होते. अभ्यासक्रम, वर्गातील मुलांची संख्या, बसचा वेळ, शनिवारची कोरियन शाळा, रुग्णालय, उकाडा, भाषा. प्रत्येक ओळीपुढे गुण. मिरान विवाहापूर्वी कोरियात, बुंदांगमधल्या एका मापनशाळेत काम करत असे. धातूच्या पट्ट्या तापवून त्या किती लांबतात हे मोजणे तिचे काम होते, आणि मोजमापावर तिची श्रद्धा होती. परंतु त्या वहीत एक ओळ अशी होती, जिला तिने नाव दिले नव्हते. ती सर्वांत खाली होती, नुसती रिकामी रेघ, आणि तिच्यापुढे डावीकडे शून्य होते, उजवीकडे सहा.

सहा. हा आकडा तिने पहिल्यांदा ऐकला तो जकार्तात, सोल्बी पाच वर्षांची असताना. इंग्रजी शाळेतल्या पहिल्या बाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितले होते की नव्या भाषेत आलेली मुले आधी नुसती ऐकतात; सहा महिने धीर धरा. किती सुंदर वाटले होते ते! पेरलेल्या दाण्यासारखे. मिरानने दिनदर्शिकेवर सहा महिने मोजले, सातव्या महिन्यात बाई म्हणाल्या काहींना वर्ष लागते, वर्षाच्या शेवटी त्यांनी घर बदलले आणि शाळा बदलली, आणि नव्या बाई प्रेमाने म्हणाल्या, नवी शाळा आहे, सहा महिने द्या. मग सिंगापूर. प्रवेशाच्या अर्जात तिने जकार्तातल्या मौनाविषयी काही लिहिले नाही, आणि इथेही सहा महिने मिळाले. दर वेळी घड्याळ पुन्हा शून्यावर येई, आणि दर वेळी मिरानच्या छातीतला दगड काही काळ उतरून ठेवला जाई. घरी मात्र सोल्बी बोलायची. उद्वाहनाचे दार मिटले की बोलणे सुरू व्हायचे, जणू दिवसभर कुणी नळावर बोट दाबून धरले होते. ती शिक्षकांच्या नकला करायची, त्यांच्याच इंग्रजीत, त्यांच्याच खोकल्यासकट. भाषेचा प्रश्न केव्हाच संपला होता. ज्या भाषेसाठी तिला सहा महिने दिले जात होते, त्या भाषेत ती झोपेत बोलत असे.

मागल्या वर्षी एका तज्ज्ञ बाईंनी तीन भेटींनंतर त्या स्थितीला नाव दिले होते. तीन पानांचा अहवाल. त्यात लिहिले होते की हे मूल हट्टी नाही, लाजाळूही नाही. बोलण्याच्या क्षणी भीतीने त्याचा कंठ बांधला जातो, आणि जितकी वर्षे तो बांधलेला राहील तितकी गाठ घट्ट होईल. उपचार आहे, मात्र तो शाळेच्या साहाय्यानेच व्हायचा असतो. मिरानने तो अहवाल सणाचे रेशमी पोशाख ठेवलेल्या पेटीत, झग्याच्या घड्यांखाली ठेवला. शाळेला कळवले तर शाळा काय करील, हे तिने मैत्रिणींच्या बोलण्यातून ऐकले होते. शाळा रागावत नाहीत. त्या फक्त म्हणतात की आपल्या मुलासाठी अधिक योग्य जागा कुठेतरी असेल.

दहा वाजता ती वही घेऊन खालच्या रस्त्यावरच्या उपाहारगृहात गेली, कारण मंगळवारी शाळेतल्या सगळ्या कोरियन आया तिथे जमत. मंडळींत वयाने आणि आवाजानेही मोठी योनूची आई. ती तीन वर्षे दुबईत राहून आली होती. तिच्याशेजारी हारिमची आई, अजून तिशीतली, प्रत्येक वाक्याला वही काढणारी.

"दुबई म्हणजे काय, सोल्बीच्या आई," योनूची आई म्हणाली, "सहा महिने भट्टी, आणि उरलेले सहा महिने भट्टीचं झाकण काढलेलं."

"आणि इथे मोठा गारवा लागून गेलाय, ताई!" हारिमची आई म्हणाली. "चार वर्षांत माझे केस एकदा नीट वाळले नाहीत."

"पण तिथे शाळांची तपासणी होते हो. श्रेणी जाहीर करतात, अगदी मटणाच्या दुकानासारखी. इथे शाळा म्हणते आम्ही उत्तम, आणि आपण म्हणतो, हो बाई."

"अरबी शिकावी लागते म्हणे. सक्तीची," हारिमची आई वही काढत म्हणाली.

"लागते की. पण कुणालाच येत नसते. सगळे ठोंबे एका रांगेत. त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही."

मिरानच्या हाताने ते वाक्य आपोआप वहीत उतरवले. सगळे ठोंबे एका रांगेत. तिला त्या रांगेत सोल्बी दिसली, शेवटच्या बाकावर, मिटल्या ओठांची, आणि कुणालाही त्यात वावगे वाटत नव्हते.

"अर्जात काय काय लिहिलंत?" योनूची आई विचारत होती. "संकोच करू नका हं. मी योनूच्या अर्जात व्हायोलिन चार वर्षं लिहिलं. दोन वर्षं वाजवलं आणि दोन वर्षं भिंतीला टांगलं. झाली की नाही चार?" सगळ्या हसल्या, हारिमची आई तर कॉफीचा ठसका लागेपर्यंत हसली. मिरानही हसली. इथे बसलेल्या प्रत्येकीने आपले मूल अर्जात एक बोट उंच केले होते. तिने एकटीनेच ते बुटके केले होते. जकार्तातली तीन इंग्रजी वर्षे तिने खोडून तिथे कोरियन शाळा लिहिली होती. इंग्रजीपुढे लिहिले होते, नवशिकी. संगणकाच्या पडद्यावरून मुलाखत घेणाऱ्या दुबईच्या शिक्षिकेने सोल्बीच्या मान हलवण्याकडे मायेने पाहिले होते आणि लेखी उत्तरे वाचून म्हटले होते, "दोनच वर्षांत इतकं? अद्भुत आहे ही मुलगी." त्या क्षणी मिरानला अभिमान वाटला होता. आता, कॉफीचा पेला हातात निवत असताना, तिला वाटले की लेकीची खरी उंची लपवून आपण त्या अभिमानाचेही चोर झालो.

"आणि नवऱ्याला एकटं सोडू नका," उठताना योनूची आई म्हणाली. तिचा आवाज किंचित उतरला. "असे दूर राहणारे बाप म्हणजे आपल्याकडचे रानहंस; आमच्या ह्यांचं तसं हे सातवं वर्ष. मुलांसाठी आम्ही इकडे, पैशांसाठी ते पुसानला. वर्षातून दोनदा उडत येतात. परवा विचारत होते, योनू कितवीत आहे गं? तेवढं विचारायलासुद्धा लाजले हो बिचारे."

एक वाजता थेशिकचा फोन आला. तिथे सकाळ होती.

"पाठवलास पक्का अर्ज?"

"एक प्रश्न राहिलाय. मुलीला कधी तज्ज्ञाने तपासलंय का, असा."

"नाही म्हणून लिही."

"अहो, तपासलंय ना पण."

"मिरान, नाव दिलं की ते चिकटतं. आई सांगते ना, मीही पाच वर्षांचा होईतो तोंड उघडलं नव्हतं."

"तुम्ही घरीही बोलत नव्हता. ती घरी बोलते."

"मग बरंच आहे की! इथे नवी जागा, नवी माणसं. सुटेल गाठ." मग तो जरा थांबला. "इथल्या शाळेने कळवलंय, पहिलं सत्र नुसतं रुळायला देतात. आणि तिथे राहिलीस तर पुढल्या वर्षी ते व्यासपीठ आहेच."

व्यासपीठ. इथल्या शाळेत प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक मुलाला सर्व पालकांसमोर उभे राहून आपल्या अभ्यासाविषयी दहा मिनिटे बोलावे लागे. रिकाम्या ओळीतले डावीकडचे शून्य ते हेच होते. मग थेशिक निराळ्याच आवाजात म्हणाला, "मला एकट्याला राहायचं नाही गं. खोलीवर आलो की टीव्ही लावून ठेवतो. एक अक्षर कळत नाही. कुणीतरी बोलत असावं, एवढंच."

फोन ठेवून तिने वही पुढे ओढली. जिच्या घरी एक माणूस बोलणे ऐकायला तरसतो आणि एक माणूस बोलण्याला भितो, तिने कोणत्या शहरापुढे किती गुण लिहावेत? पट्टी तापवली की लांबते, हे तिला ठाऊक होते. पण मुलाला जागेवरून हलवत राहिले तर त्याच्यातले काय आखडते, याचे कोष्टक तिला कुणी शिकवले नव्हते.

सव्वातीनला सोल्बी आली. बूट काढता काढता बोलणे सुरू झाले. विज्ञानाच्या सरांनी आज पेन शोधायला सगळी खोली पालथी घातली आणि पेन त्यांच्या कानावरच होता. तिने कानावर चमचा ठेवून ती शोधाशोध करून दाखवली. उकडलेल्या रताळ्याची साल काढत ती खुर्चीवर पाय हलवत बसली होती. मिरानने समोर बसून, जे आजवर एकदाही विचारले नव्हते ते विचारले.

"सोल्बी, तुला काय वाटतं? इथे राहायचं की दुबईला जायचं?"

"दुबईला."

"बाबा आहेत म्हणून?"

"ते तर झालंच. पण तिथे पहिले सहा महिने मिळतील ना?"

"कसले?"

"न बोलायचे." तिने रताळ्याचा घास फुंकला. "अरबीचे वेगळे सहा धरले तर वर्ष होतं."

"आणि मग? वर्ष संपल्यावर?"

"मग बाबांची पुन्हा बदली होईल," सोल्बी म्हणाली. आईला हे कसे कळत नाही, अशा समजुतीच्या स्वरात.

खिडकीबाहेर कुठेतरी गवत कापण्याचे यंत्र चालू होते. मिरानला वाटले, आपण वहीत नाव न देता जी ओळ आखली होती, ती या मुलीने केव्हाच पाठ केली आहे. तिने आपल्याकडूनच ती शिकली. "बसमधल्या मावशींना वाटतं तू मुकी आहेस," ती हळूच म्हणाली.

"मला माहितीये."

"मग त्यांना सांगितलं नाहीस?"

सोल्बीने मान वर केली. तिच्या नजरेत रोष नव्हता, केवळ आश्चर्य होते. "कसं सांगणार?"

पावणेचारला मिरानने रेशमी झग्यांची पेटी उघडली. कापराच्या वासात ती तीन पाने थंड लागली. तिने जकार्ताची तीन वर्षे होती तशी लिहिली, इंग्रजीपुढे 'नवशिकी' होते ते खोडले, त्या शेवटच्या प्रश्नापुढे 'होय' लिहिले, आणि अहवालाची छायाचित्रे अर्जाला जोडून पाठवली. मग हात थांबण्याआधीच तीच पाने तिने इथल्या शाळेलाही पाठवली. हे धैर्य होते असे म्हणता येणार नाही. भांडे हातातून सुटते तसे ते तिच्या हातून सुटले. "मी त्यांना खरं ते कळवलं," तिने सोल्बीला सांगितले. "दोन्हीकडे. तुला बोलायला भीती वाटते, हे."

दुबईचे उत्तर भाताला आधण येईपर्यंत आले. प्रांजळपणाबद्दल आभार मानले होते. आवश्यक ते साहाय्य देण्याची व्यवस्था सध्या नसल्याने देऊ केलेली जागा मागे घ्यावी लागत आहे, याचा खेद होता. इथल्या शाळेने सोमवारी भेटीस बोलावले होते. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या माहितीविषयीही बोलायचे आहे, असे एक वाक्य त्यात होते. थेशिकला तिने फोन केला. "काय करून बसलीस हे?" तो म्हणाला. त्याच्या मागे टीव्हीवर एक पुरुष अरबीत आवेशाने बोलत होता. मिरान तो आवाज ऐकत राहिली. शेवटी थेशिक म्हणाला, "म्हणजे मीही रानहंस झालो," आणि हसण्याचा प्रयत्न त्याला पुरा करता आला नाही.

त्याहून कठीण ते पुढेच होते. सोल्बीने ताट पुढे ओढले नाही. "भात वाढू?" तिने मान हलवली. "रागावलीस?" मानही हलली नाही. दात घासताना नुसते पाणी वाहिले, गाणे नव्हते. मिरान तिच्या उशाशी बसून वाट पाहत राहिली, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आले की जगात त्या आवाजाला उरलेली ही एकच खोली होती, आणि तिचे दार आज आपण आपल्या हातांनी लावून घेतले. आपण खरे बोललो. परंतु ते लेकीचे गुपित होते, आणि सांगण्यापूर्वी तिला विचारायला हवे होते. रताळे खाताना तिच्या समोर बसून विचारलेल्या प्रश्नांत तो एक प्रश्न राहूनच गेला. मिरानने लेकीच्या वतीने निवड केली होती. पुन्हा एकदा.

सकाळी मोज्यांवरून भांडण झाले नाही. मिरान तिच्यासोबत खाली उतरली; सोल्बीने तिचा हात धरला नाही, आणि सोडवूनही घेतला नाही. उद्वाहनात दोघी आरशात एकमेकींना टाळत उभ्या होत्या. बस आली. चुआ मावशींनी दार उघडले, बोटे जुळवून दोनदा ओठांशी नेली, भुवया वर केल्या. सोल्बीचे हात दप्तराच्या पट्ट्यांना धरून होते. ते हलले नाहीत. मावशींनी मिरानकडे पाहिले. मिरानला पुष्कळ सांगायचे होते, त्या वृद्धेला, लेकीला, दूर गेलेल्या नवऱ्याला, आणि घशात ते सारे पुन्हा एकदा येऊन अडकले. या वेळी तिने ते तिथेच राहू दिले. ती पायरीसमोर खाली बसली, सोल्बीच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि बोटे जुळवून, अवघडलेल्या, अशिक्षित हाताने, ती दोनदा आपल्या ओठांशी नेली. मग तळवा छातीवर ठेवला आणि पुढे काय करायचे ते न कळून तसाच राहू दिला.

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. सोल्बी आईच्या हाताकडे पाहत होती. नंतर तिने पट्टीवरचा एक हात सोडला, आईची वेडीवाकडी बोटे धरून ती नीट जुळवून दिली, 'अशी', असे म्हटल्यासारखे. आणि पोटावर हात ठेवून नकारार्थी हलवला. काहीच खाल्ले नाही. मिरानने डब्याकडे बोट दाखवले. सोल्बीने मान डोलावली आणि आत गेली.

सोमवार अजून यायचा होता, आणि तो काय घेऊन येईल ते मिरानला ठाऊक नव्हते. वहीतले दोन्ही रकाने आता सारखेच रिकामे होते. अनोळखी भाषेच्या आवाजाला कान लावून बसणाऱ्या त्या एकट्या पुरुषाला आपल्या माणसांचा आवाज लाभो. पायरीवरच्या त्या वृद्ध हातांना दीर्घायुष्य मिळो. आणि त्या मुलीला, कुणी महिन्यांत न मोजलेला, तिचा तिचा काळ मिळो. तो सरेपर्यंत तिच्यासमोर कुणीतरी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसलेले असो.